अंत्यविधीचा तयार संच: घ्यावा, पण उघडून पाहून

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या अंत्यविधी साहित्याच्या दुकानाचा नंबर आधीच लिहून ठेवा. अशुभ वाटतं खरं, पण पहाटे तीनला बांबू शोधत फिरणं त्याहून वाईट.

बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, कापड, गोवऱ्या, कापूर, राळ, तूप, तीळ, गुलाल असं सगळं एकाच पोत्यात येतं. धावपळ वाचते, म्हणून संच घ्यावाच. फक्त तीन वस्तू तपासा.

बांबू आठ फुटी हवेत. खांदा द्यायला दोन्हीकडे फूटभर बाहेर राहायला लागतात. उंच माणसाला सात फुटी पुरत नाहीत. वाळून किडलेला बांबू भाराने कडकन मोडतो, हिरवट असेल तर नुसता वाकतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तिरडी पार्किंगमध्येच बांधावी. ती लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते.

कापड सुती मांजरपाटच हवं. पॉलिएस्टर मिसळलेलं आगीत वितळून अंगाला चिकटतं. कडेचा एक दोरा काडीने पेटवून पाहा: सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी.

मडकं पातळ हवं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारताना दगडाने भोकं पाडतात. जाड मडक्याला टोले मारूनही भोक पडत नाही, मग जोर लावला की सगळं एकदम फुटतं. हाच दगड म्हणजे जीवखडा. घाईत तो तिथेच राहतो, आणि दहाव्याला रामकुंडावर गुरुजी आधी तोच मागतात. एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

लाकूड संचात नसतं. चितेला साधारण आठ-दहा मण लागतं, त्याची चौकशी अमरधाम स्मशानभूमीत वेगळी करा. विद्युतदाहिनी ठरली असेल, तर गोवऱ्या आणि तुपाचे पैसे कमी करून मागा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून आधी काढून घ्या. उष्णतेने तो फुटतो.

राहिले कागद, ते कुठलंच दुकान देत नाही. मृत्यूच्या कारणाचा दाखला रुग्णालयातून नमुना 4 मध्ये मिळतो. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून 4अ घ्यावा लागतो. नोंदणी 21 दिवसांत करा. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहून घ्या. एका वेलांटीवरून बँकेतून फाईल परत येते.