पॉवर सेव्हर प्लग: घेऊ नका, लावला असेल तर काढा

आठवडी बाजारात, ऑनलाइन दुकानांत आणि दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांकडे काहीशे रुपयांपासून मिळणारा हा प्लास्टिकचा डबा. सॉकेटमध्ये खोचायचा, हिरवा दिवा लागला की झालं. बिल ३० ते ४० टक्क्यांनी उतरेल, असं खोक्यावर छापलेलं असतं. घरगुती मीटरवर तो एक युनिटही वाचवत नाही. उलट चोवीस तास लाइनवर राहणारा एक हलक्या प्रतीचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) आपण भिंतीत लावून ठेवतो.

आत काय असतं? बहुतेक डब्यांत ४ ते ५ मायक्रोफॅरडचा एक फिल्म कपॅसिटर, एलईडी, तो चालवणारे एकदोन रेझिस्टर आणि डायोड. बस. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला येते त्याचं प्रमाण, सुधारतो हे खरं आहे, आणि विक्रेत्याचं प्रात्यक्षिक याच खऱ्या गोष्टीवर उभं असतं. तो वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावतो, डबा खोचतो आणि अँपिअर उतरलेले दाखवतो. आकडा खोटा नसतो, पण तो बिलाचा आकडा नसतो.

१२० वॉट घेणारा, ०.६५ पॉवर फॅक्टरचा जुना फ्रिज घ्या. २३० व्होल्टला तो सुमारे ०.८० अँपिअर ओढतो. ५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की मीटरकडून येणारा करंट ०.५८ अँपिअरपर्यंत उतरतो. वॉट मात्र १२० ते १२०च राहतात. घरगुती बिल युनिटवर, म्हणजे केडब्ल्यूएचवर येतं आणि युनिट वॉटवरून ठरतं. महावितरण केव्हीएएचवर, म्हणजे वॉटऐवजी व्होल्ट गुणिले अँपिअरवर, बिल देते ते उच्चदाबासारख्या मोठ्या ग्राहकांना. कारखान्यांत कपॅसिटर बँक लावतात ती त्यासाठी. वायरिंगमधला तोटा कमी होतो, हा युक्तिवादही तपासून पाहा: वायरिंगचा रोध अर्धा ओम धरला, तरी या फ्रिजमागे वाचतात साधारण ०.१५ वॉट. डब्यातला दिवाच बऱ्याचदा अर्ध्या वॉटच्या आसपास खातो. फ्रिज बंद असताना तर डबा स्वतःच वायरिंगमधून ०.३६ अँपिअर फिरवत राहतो.

खात्री करायची असेल तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पुरेसा आहे. मीटरवर प्रति युनिट किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, ते छापलेलं असतं, बहुधा १६०० किंवा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून ७५ वॉटचा एक पंखा फुल स्पीडवर चालवा. ३२००च्या मीटरवर दर १५ सेकंदांनी एक पल्स येईल. दहा पल्सची वेळ घ्या, मग डबा लावून पुन्हा घ्या. व्होल्टेज हलल्यामुळे दोनचार सेकंदांचा फरक पडू शकतो. ४० टक्के बचत असती तर १५० सेकंदांचे २५० झाले असते.

पैसे वाया जाण्यापेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे. फेज-न्यूट्रलमध्ये कायम राहणारा कपॅसिटर एक्स२ (थेट लाइनवर लावण्यासाठीच्या सुरक्षित) प्रतीचा हवा, त्याच्या आधी फ्यूज हवा आणि डिस्चार्जसाठी रेझिस्टर हवा. स्वस्त डब्यांत यातलं काही ना काही गाळलेलं असतं. रेझिस्टर नसेल तर डबा उपसल्यावरही पिनांवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज राहतो आणि बोट लागलं की झटका बसतो. फ्यूज नसेल तर उष्णतेने आणि व्होल्टेजच्या उसळ्यांनी थकलेला कपॅसिटर फुगतो, तापतो, प्लास्टिक वितळवतो. एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) अशा वेळी पडेलच असं नाही, कारण शॉर्ट होईपर्यंत करंट तिच्या मर्यादेच्या खूप खाली असतो. खोचताना उडणारी ठिणगी सॉकेटचे पितळी संपर्क जाळते; तो सॉकेट पुढे सैल होऊन तापू लागतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर हा डबा कधीच नको. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हार्मोनिक्समुळे (मूळ लहरीत मिसळलेल्या जास्त वेगाच्या लहरींमुळे) कपॅसिटरमधून नेहमीपेक्षा बराच जास्त करंट जातो. इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवतो किंवा कपॅसिटर जातो.

काही खोक्यांवर ‘शॉकपासून संरक्षण’ असंही लिहिलेलं दिसतं. हा दावा सर्वांत घातक, कारण त्यावर विसंबून माणूस खरं संरक्षण बसवत नाही. ते काम ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळला नाही की ती लाइन तोडते. तिच्यासोबत एमसीबी हवीच, कारण ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट आरसीसीबी ओळखत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले तर तीही वाचवू शकत नाही. अर्थिंग नीट असेल तर गीझरची बॉडी लाइव्ह होताच ती पडते. अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत थांबते. बसवल्याबरोबर पडत असेल तर आधी न्यूट्रल तपासा: दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात किंवा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

बिलच उतरवायचं असेल तर ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा. रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. महावितरणच्या दरपत्रकात १०० युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं, त्यामुळे त्या सीमेवरच्या घराला ही १६ युनिटं चांगलीच जाणवतात. साठवणीच्या गीझरचा थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. टाकीतून वाया जाणारी उष्णता घटते आणि बोअरच्या पाण्याचा क्षारही कमी साचतो.

डबा आधीच लावलेला असेल तर सॉकेटचं बटण बंद करून उपसा, पिनांना हात लावू नका, मुलांच्या हाती देऊ नका, ई-कचऱ्यात टाका. सॉकेट काळा पडला असेल तर बदलून घ्या. नुकताच घेतला असेल तर टाकण्याआधी पावती आणि बचतीचा दावा छापलेलं खोकं जपून ठेवा, दुकानाकडे परतावा मागा. नाकारला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.