अल्बेंडाझोल 400: जंताच्या गोळीकडून काय मिळतं, काय मिळत नाही

इंदूरमध्ये ही गोळी दोन वाटांनी घरात येते. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या राष्ट्रीय कृमीमुक्ती दिनाला 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत फुकट मिळते. एरवी दवा बाजारातून, म्हणजे शहरातल्या औषधांच्या बाजारातून, किंवा कोपऱ्यावरच्या मेडिकलवरून आणावी लागते. औषध दोन्हीकडे तेच, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम. शाळेतली हलकी आणि विकतची भारी असं काही नाही, आणि विकतचीसुद्धा पोह्याच्या एका प्लेटपेक्षा स्वस्तच पडते.

एका मात्रेत गोल जंतांचा निकाल लावणारी ही गोळी मला प्रत्येक घराला सुचवावीशी वाटते. तक्रार आहे ती तिच्याकडून धरल्या जाणाऱ्या अपेक्षेबद्दल. ‘गेल्या वर्षी दिली होती, मग पुन्हा जंत कसे?’ हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि दोष गोळीच्या कंपनीला देतात. खरं कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे, म्हणून आधी तिकडे बघू.

जिवाणू दिसला की पांढरी पेशी त्याला गिळते. गोल जंताची मादी 20 ते 35 सेंटिमीटर लांब असते. तिला कोणती पेशी गिळणार? म्हणून शरीर इथे वेगळा डाव खेळतं: जंताला मारण्यापेक्षा त्याचं आतड्यात राहणं अवघड करायचं. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या मोजक्या पेशी विखुरलेल्या असतात. जंतांची चाहूल त्यांना लागते आणि त्या इंटरल्युकिन-25 हा निरोप सोडतात, हे 2016 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. तो निरोप टाइप-2 लिम्फॉइड पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींना मिळतो, त्या इंटरल्युकिन-13 सोडतात, आणि मग तीन गोष्टी एकदम सुरू होतात. गॉब्लेट पेशी वाढून भरपूर चिकट श्लेष्मा पाझरतो, अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा लवकर झडून नव्या येतात, आणि आतड्याचे स्नायू जोराने आकसतात. जंताला पकड धरायला जागाच स्थिर राहत नाही. मागोमाग टी-हेल्पर 2 या पांढऱ्या पेशी कामाला लागतात. इंटरल्युकिन-4 मुळे आयजीई प्रतिपिंडं बनतात, इंटरल्युकिन-5 मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, इंटरल्युकिन-9 मुळे मास्ट पेशी. या सगळ्याला टाइप-2 प्रतिसाद म्हणतात.

उंदराच्या आतड्यातला निप्पोस्ट्रॉन्गिलस हा कृमी या माऱ्यापुढे साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतो. माणसाचं तसं होत नाही. गोल जंत एक ते दोन वर्षं सुखाने राहतो, कारण दीर्घ मुक्कामाचे जंत असे रेणू सोडतात की शरीराच्या नियामक टी पेशी (प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या) आणि इंटरल्युकिन-10 पुढे येऊन हल्ला थंडावतात. यात शरीराचाही फायदा आहे, सततच्या दाहाने आतड्याचंच नुकसान झालं असतं. पण याचा परिणाम असा की गोवराची लस घेतल्यावर येते तशी पक्की प्रतिकारशक्ती जंतांविरुद्ध येत नाही. वारंवार संसर्ग झाल्यावर हळूहळू, अर्धीमुर्धी येते. गोल जंतांचा भार 5 ते 15 वयात सर्वांत जास्त आढळतो आणि मोठेपणी कमी होतो, त्याला स्वच्छतेच्या सवयींबरोबर हेही एक कारण मानलं जातं. हुकवर्म या दुसऱ्या जातीच्या जंताबाबत तेवढाही दिलासा नाही, तो मोठ्यांतही टिकून राहतो.

गोळी यातलं काहीच बदलत नाही. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे जंताला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपाशी पडून काही दिवसांत मरतो. दुसऱ्या दिवशी औषधाचा आतड्यात पहारा उरत नाही. आठवड्याने नवी अंडी पोटात गेली तर नवे जंत वाढणार, म्हणून सरकारी कार्यक्रम सहा-सहा महिन्यांनी ठेवला आहे. दोन्ही वेळा घ्या, एक चुकली तर काही दिवसांनी शाळेतच राहिलेल्यांसाठी दिवस असतो.

आता कोणत्या जंतावर किती गुण येतो ते पाहा. एका मात्रेने गोल जंत शंभरातल्या सुमारे 95 जणांत जातात, हुकवर्म सुमारे 80 जणांत, आणि व्हिपवर्म जेमतेम 30 जणांत. व्हिपवर्म आपलं बारीक डोकं अस्तरात खुपसून बसतो. त्यामुळे शौचाच्या तपासणीत व्हिपवर्मची अंडी निघाली असतील तर एका गोळीवर समाधान मानू नका. डॉक्टर तीन दिवस रोज 400 मिलिग्रॅम देतात. पिनवर्मला, म्हणजे रात्री शौचाच्या जागी खाज आणणाऱ्या सुताएवढ्या पांढऱ्या जंतांना, दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची असते. औषधाने किडा मरतो, अंडी मरत नाहीत. दुसरी मात्रा त्यातून निघालेल्यांसाठी आहे. इथे सर्वांत जास्त घरं चुकतात.

गोळी चावून खायची, आख्खी गिळायची नाही. लहान मुलांच्या बाबतीत हा गुदमरण्याचा प्रश्न आहे: 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, 2 ते 3 वर्षांच्या मुलाला पूर्ण, पण दोन्ही वेळा दोन चमच्यांमध्ये बारीक चुरून पाण्यात कालवून. रडत्या मुलाचं नाक दाबून कधीही देऊ नका. पातळ औषधाची 10 मिलिलिटरची बाटली म्हणजे पूर्ण 400 मिलिग्रॅम, तेव्हा दोन वर्षांखालच्या बाळाला 5 मिलिलिटर. बाटली जोरात हलवायची. औषध तळाशी बसतं आणि न हलवता दिलं तर बाळाला वरचं गोड पाणी मिळतं. उपाशीपोटी किंवा जुलाबाच्या औषधाबरोबर द्यायची गरज नाही.

मूल तापाने आजारी असेल तर बरं होईपर्यंत थांबा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नये. कधी फिट आलेली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण मेंदूत टेपवर्मच्या गाठी असतील तर औषधाने मरणाऱ्या गाठींभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. पोट फुगलेलं, हिरवी उलटी आणि शौच बंद, अशा मुलाला गोळी देऊच नका. जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं; सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी, डोकेदुखी होते आणि दिवसभरात जाते. काहीच पडलेलं दिसलं नाही म्हणून गोळी वाया गेली असं नसतं. हुकवर्म सेंटिमीटरभर असतो, तो दिसत नाही. लोक मग दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासतात आणि इओसिनोफिल अजून वाढलेलेच बघून घाबरतात. मरणाऱ्या जंतांचे घटक सुटल्यावर हा आकडा काही काळ उलट चढू शकतो, आणि उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. आकडा वाचताना टक्के बघू नका, एकूण संख्या काढा: पांढऱ्या पेशी 8,000 आणि इओसिनोफिल 10 टक्के म्हणजे 800; साधारण मर्यादा 500. आणि पिनवर्मने हा आकडा सहसा वाढत नाही, तो अस्तरात शिरत नाही म्हणून. उलट दमा, ॲलर्जी, काही औषधं यांनी जंत नसताना वाढतो. त्यामुळे ‘जंतांसाठी आयजीई’ म्हणून महागडं पॅकेज विकलं जात असेल तर पैसे वाचवा. आयजीई वाढण्याची कारणं इतकी आहेत की त्यावरून जंत ओळखता येत नाहीत.

पैसे घालायचेच असतील तर शौचाच्या साध्या तपासणीत घाला, आणि ती नीट करा. कोरडी, रुंद तोंडाची डबी, लघवी मिसळू द्यायची नाही, शक्यतो तासाभरात लॅबमध्ये. एका नमुन्यावर विसंबू नका. साध्या स्लाइडवर फक्त 2 मिलिग्रॅमच्या आसपास शौच बघितलं जातं, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने. लॅबवाल्यांना ‘कॉन्सन्ट्रेशन करता का?’ (म्हणजे नमुन्यातली अंडी एकवटून बघता का) एवढं विचारा, उत्तरावरून लॅब कळते. पिनवर्म मात्र शौचात फारसा सापडत नाही. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेला दाबून ती काचपट्टीवर चिकटवून न्यायची. गोल जंतांच्या अळ्या फुप्फुसातून जाताना कोरडा खोकला आणि धाप लागते, तेव्हा इओसिनोफिल भरपूर असतात आणि शौच मात्र स्वच्छ येतं, कारण अंडी दिसायला दोन-तीन महिने जावे लागतात. गोळी लागू पडली का हे बघायचं तर दोन ते तीन आठवड्यांनी तपासा.

अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिनची जोडगोळीही मिळते. व्हिपवर्मवर ती एकट्या गोळीपेक्षा चांगली, पण 15 किलोखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. तेव्हा ‘जास्त पावर’ म्हणून आपल्या मनाने घेऊ नका. आयव्हरमेक्टिनची खरी गरज स्ट्रॉन्गिलॉइडिसला असते. हा कृमी शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत वर्षानुवर्षं राहतो आणि वर सांगितलेला टाइप-2 प्रतिसाद त्याला आवरून धरतो. स्टेरॉइड सुरू झालं की तो आवर सुटतो आणि अळ्या अंगभर पसरून जीव जाऊ शकतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू होणार असेल आणि इओसिनोफिल जुनेच वाढलेले असतील, तर डॉक्टरांना हे नाव घेऊन विचाराच.

राहिला प्रश्न पुन्हा संसर्ग न होण्याचा. जंत सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारातल्या, रबडी-जिलेबीने होत नाहीत, साखरेचा इथे काही संबंध नाही. गोल जंतांची अंडी मातीतून येतात, ताजी पडल्यावर मातीत दोन-तीन आठवडे मुरून मगच संसर्गक्षम होतात, आणि चिकट असतात. पोह्यांवरची कोथिंबीर जुडी बुडवून धुतली तर पुरत नाही. देठ कापून, पानं सुटी करून, वाहत्या पाण्याखाली चोळून तीनदा धुवा. क्लोरीन किंवा लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) पाण्याने ही अंडी भरवशाने मरत नाहीत, उष्णतेने मरतात. हुकवर्म तोंडापेक्षा अनवाणी पायांतून येतो, म्हणून बागेत आणि ओल्या मातीत चप्पल. पिनवर्म असेल तर दोन्ही मात्रांच्या दिवशी सकाळी चादरी न झटकता गुंडाळून गरम पाण्यात टाका, मुलांची नखं कापा, आणि सकाळीच आंघोळ घाला, कारण मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते.