पिशवी मोठी केल्यावर नळी कुठून घालायची: लघवीच्या मार्गाने की बेंबीतून?

आतड्याचा तुकडा जोडून मुलीची लघवीची पिशवी मोठी करायची, इथवर तुमचं ठरलंय असं धरतो. त्यानंतर लघवी काढायला दर तीन-चार तासांनी नळी घालणं बहुतेकांना चुकत नाही. प्रश्न उरतो तो मार्गाचा.

लघवीच्या मार्गाने घातली तर जादा ऑपरेशन नाही, पोटावर नवं छिद्र नाही. १९७२ पासून जगभर रुळलेली पद्धत. मुलगी चालती असेल, हात चांगला चालत असेल, तर यातही निभतं.

आमची लेक स्पायना बायफिडाची, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेली, पायांत कॅलिपर. आमचं घोडं अडलं ते शाळेच्या संडासात. भारतीय बैठक, ओली फरशी. कॅलिपर सोडा, कपडे उतरवा, आरसा धरा. हे तिला एकटीला जमायचं नाही. म्हणून तिची आई रोज मधल्या सुट्टीत नाशिक रोडहून द्वारकेची गर्दी पार करत गंगापूर रोडला जायची. ती पोचेपर्यंत लेकीचं वर्गात लक्ष नसायचं. वय वाढलं तसं आईसमोरही तिला संकोच वाटू लागला.

दुसरा मार्ग फ्रेंच सर्जन मित्रोफानॉफ यांचा, १९८० चा. अपेंडिक्सचं एक टोक पिशवीत, दुसरं बेंबीत. आता ती खुर्चीत बसूनच शर्ट वर करते, बेंबी पुसते, जेली लावलेली नळी सरकवते आणि दुसरं टोक बाटलीत सोडते. कॅलिपरला हात लागत नाही.

त्रास इथेही आहे. बेंबीतलं तोंड कधीकधी आवळतं. आमच्याकडे एकदा नळी आत जाईना, तेव्हा सर्जननी ती घालून काही दिवस आतच ठेवली. काहींना पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं. आतड्याचा चिकट स्राव सलाइनने धुणं, खड्यांवर लक्ष ठेवणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

तुमच्या मुलीचं तुमचे सर्जन जास्त जाणतात. तरी मला वाटतं, पोट उघडणारच आहे तर बेंबीचा मार्ग त्याच वेळी करून घ्यावा. फक्त एक आधी विचारा: बद्धकोष्ठासाठी वरून, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून, एनिमा द्यायलाही अपेंडिक्सच वापरतात, मग ते दोन्हींपैकी कोणत्या कामासाठी ठेवणार? ते लहान असेल किंवा आधीच काढलेलं असेल, तर लहान आतड्याच्या तुकड्यातूनही नळी बनवता येते. लघवीचा मार्ग शस्त्रक्रियेत बंद केला नसेल, तर अडीनडीला तोही राहतोच.