ट्राउटच्या ओढ्यावरून पायवाट: साकव, पाण्यातली वाट की मोरी?

ओढा किती ठिकाणी ओलांडायचा हे सगळ्यात आधी ठरवा. वाट थोडी लांबवून एक जरी जागा वाचली, तरी ती कुठल्याही साकवापेक्षा ओढ्याला जास्त मानवते.

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याची मादी वाहत्या पाण्यातल्या रेवेत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि त्यावर पुन्हा रेव लोटते. रेवेच्या फटींतून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी झिरपत राहिलं तरच अंडी जगतात. वाटेवरून वाहून आलेला बारीक गाळ नेमक्या याच फटी बुजवतो. त्यामुळे पर्याय निवडताना दोन गोष्टी तपासा: गाळ किती उतरेल, आणि लहानात लहान मासाही वर-खाली जाऊ शकेल का.

साकव. वर्दळ असेल, सायकली किंवा घोडे जाणार असतील, तर साकवच बांधा. पात्र काठोकाठ भरतं तेव्हाची रुंदी मोजा आणि साकवाचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, निदान तिच्या १.२ पट ठेवा. दोन्ही पाये काठाच्या मागे, घट्ट जमिनीत घ्या. पाये काठावर पुढे आणून गाळा वाचवला की पाणी तिथे आवळलं जातं, वेग वाढतो आणि पाया खालून खरवडला जातो. तुळयांची खालची बाजू पुराच्या पातळीच्या इतकी वर हवी, की वाहून येणारे ओंडके अडकणार नाहीत. तांब्याचे क्षार असलेलं लाकूडरक्षक माशांना विषारी असतं. ते लावलेलं लाकूड पूर्ण वाळल्यावरच आणा, कापणी काठापासून दूर करा आणि भुसा गोळा करा. ओल्या सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं आणि मासे मारतं, त्यामुळे त्याचा एक थेंबही ओढ्यात जाऊ देऊ नका.

पाण्यातली वाट, म्हणजे ओढ्याच्या तळावरूनच चालत जाणं. स्वस्त, पुरात वाहून जाण्यासारखं काही नाही. पण तळ खडकाचा किंवा मोठ्या गोट्यांचा असेल, पाणी उथळ असेल आणि ये-जा तुरळक असेल तरच ती चालते. डोह संपून पाणी खळाळायला लागतं ती जागा पार करायला सोपी दिसते, आणि ट्राउट अंडी घालतात तीही बहुतेक तिथेच. पाय पडले की रेवेतली अंडी चिरडतात. तळात दगड बसवायचेच असतील तर ते तळाच्या पातळीत बसवा. वर आलेली रांग छोटा बांध होऊन बसते. दोन्ही काठांवरचा उतार दगडांनी पक्का करा.

पाइपची मोरी, म्हणजे वाटेच्या भरावाखालून ओढा नेणारा पाइप. मासे असलेल्या ओढ्यावर हा पर्याय मी शेवटी ठेवतो. अरुंद, गुळगुळीत पाइपात पाणी वेग घेतं आणि माशाला थांबायला आडोसा राहत नाही. सुटलेलं पाणी खालचा तळ खणतं आणि पाइपाचं तोंड हवेत लोंबायला लागतं. एवढीशी पायरीही पिल्लांची वाट बंद करते. पाइप तुंबला तर पाणी भराव फोडतं आणि सगळी माती ओढ्यात जाते. मोरी टाळणं शक्यच नसेल, तर उघड्या तळाची कमान घ्या, किंवा पात्रापेक्षा रुंद पाइप ओढ्याच्याच उतारात टाकून त्याचा पाव ते तिसरा हिस्सा तळाखाली पुरा आणि आत ओढ्यातलीच रेव-गोटे भरा. मासे नसलेल्या कोरड्या ओघळींवर साधा पाइप चालतो.

तिन्ही पर्यायांत खरा गाळ येतो तो ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवरून. हा उतार ८ ते १० टक्क्यांच्या आत ठेवा. ओढ्यापासून १० ते १५ मीटर आधी वाटेला छोटा उलटा चढ द्या, म्हणजे वाटेवरचं पाणी बाजूच्या गवता-झुडपांत वळेल आणि तिथेच जिरेल. नुसते आडवे ओंडके टाकले तर मागे गाळ साचतो आणि वेळच्या वेळी उपसला नाही की पाणी त्यांवरून थेट ओढ्यात उतरतं. काठावरची झाडं तोडू नका. सावली गेली की पाणी तापतं.

ब्राऊन आणि ब्रूक ट्राउट शरदात अंडी घालतात आणि ती हिवाळाभर रेवेत असतात; रेनबो बहुधा वसंतात घालतात. म्हणून पात्रातलं काम उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी कमी असताना, आणि मत्स्य विभागाची परवानगी हातात आल्यावरच करा. खोदायची जागा वाळूच्या पोत्यांनी अडवून कोरडी करा. उघडी पडलेली माती त्याच दिवशी पेंढ्याने झाका. दुसऱ्या ओढ्यावरून आलेले बूट आणि अवजारं धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. चिखलातून माशांचे रोग पसरतात.