दोन टॉवरवाल्या केबलवर बॅकरोलचं कोचिंग: पैसे वसूल, पण बूट स्वतःचे न्या

आधीच सांगते, हा अख्ख्या वेकबोर्ड पार्कचा रिव्ह्यू नाही, तिथल्या एकाच गोष्टीचा आहे. दोन टॉवरवाली छोटी केबल तासावर बुक करायची आणि कोच घेऊन आयुष्यातला पहिला इन्व्हर्ट, म्हणजे हवेत उलटं होणं, शिकायचा, एवढंच. आम्ही जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बाजूला राहतो, इकडे वाळू-खडी काढून झालेल्या खाणींचे तलाव पुष्कळ आणि त्यातल्या बऱ्याच तलावांवर केबल लावलेली. पार्कचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला तिथल्या पोरांचं रेटिंग पाडायचं नाहीये. लांगेनफेल्डची ती मोठी फेमस जागा ही नव्हे, एवढं सांगून ठेवते, नाहीतर सगळे तेच विचारतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. वेकबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला अडकवून, दोरीचं हँडल धरून पाण्यावरून ओढलं जायचं. बोटीमागे वेकबोर्ड करता तेव्हा बोटीची लाट हाच तुमचा रॅम्प असतो, तिच्यावरून उडायचं. केबलला बोटच नसते, वरून तार फिरते आणि ती तुम्हाला ओढते, पाणी सपाट. ही तारेची आयडिया ब्रूनो रिक्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६० च्या दशकात काढली, मुळात वॉटर स्कीसाठी. मोठ्या केबलला चार-पाच-सहा टॉवर असतात, तलावाला गोल चक्कर, एका वेळी बरेच जण, स्पीड सगळ्यांना साधारण ताशी ३० किमी. दोन टॉवरवालीत तार फक्त इकडून तिकडे आणि परत, एका वेळी एकच माणूस, आणि स्पीड ऑपरेटरच्या हातातल्या रिमोटवर. आता सपाट पाण्यावरून माणूस उडतो कसा, तर ओढ वरून येते आणि तुम्ही बोर्ड कडेवर झुकवून बाजूला गेलात (याला कापणं म्हणतात) की दोरीत ताण साठतो, तो ताण सोडला की तोच वर उचलतो. हे ऐकून कळत नाही, अंगाला कळायला वेळ लागतो.

इन्व्हर्ट म्हणजे बोर्ड डोक्याच्या वर गेला पाहिजे. त्यात दोन घराणी, फ्लिप आणि रोल. फ्लिपमध्ये बोर्ड टोकावरून टोक असा उलटतो, रोलमध्ये कडेवरून कड. बोटीमागे बरेच जण टँट्रमने सुरुवात करतात, तो बॅकफ्लिपच, लाटेवर बोर्ड अडकवून मागे कोलांटी. मला तोच हवा होता कारण व्हिडिओत तोच भारी दिसतो. कोचने सरळ नाही म्हटलं, लाट नाही तर हीलसाइड बॅकरोल, म्हणजे टाचेच्या कडेवर कापत जाऊन मागे मारायचा रोल, आधी, टँट्रमचं नंतर बघू. तेव्हा राग आला होता खरा, पण आता वाटतं की गिऱ्हाईक मागेल ते न विकणारा कोच मिळणं यातच अर्धे पैसे वसूल आहेत.

उरलेले अर्धे त्या रिमोटचे. मोठ्या केबलवर पडलात की बोर्डासकट किनाऱ्यापर्यंत पोहा, मग बोर्ड काखेत घेऊन डॉकपर्यंत चाला, मग लाइनीत उभे राहा, तोपर्यंत आपण काय चुकलो ते विसरलेलं असतं आणि दम लागलेला असतो तो वेगळाच. इथे पडलात की रिमोटवाला तार थांबवतो, हँडल तुमच्याजवळ परत आणून देतो, जिथे पडलात तिथूनच पाण्यातून उठायचं आणि लगेच पुढचा ट्राय. वर हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर, त्यामुळे कान दुखेपर्यंत ओरडा खाता येतो. इन्व्हर्ट शिकायचा तर खूप पडायला लागतं, आणि एका तासात जास्तीत जास्त कोण पाडू शकतो यावरच मी तर कोचिंगची किंमत ठरवेन. स्पीडही त्याने सुरुवातीला कमी ठेवला, मग हळूहळू वाढवला. मोठ्या केबलवर असले लाड होत नाहीत, तिथे सगळ्यांना एकच पट्टी.

कोचचं सगळं शिकवणं एका वाक्यात होतं, 'नॉख निश्त', म्हणजे अजून नाही. कापायला लागले की कानात 'नॉख निश्त, नॉख निश्त'. कारण असं की नवीन माणूस पहिल्याच सेकंदाला टाचेवर पूर्ण जोर टाकतो, दोरीचा ताण तिथेच संपतो आणि उडायच्या वेळेला हातात ढिली दोरी. जोर हळूहळू वाढवत न्यायचा, सगळ्यात जास्त एकदम शेवटी. मग पाय सरळ करून उंच उभं राहायचं, बोर्ड पाणी सोडतो, आणि त्याच्यानंतर डोकं. नंतर! हे 'नंतर' फार अवघड आहे हो. उलटं व्हायचंय म्हटल्यावर माणूस आधी डोकंच मागे टाकतो, आणि मग खांदे खाली, बोर्ड अजून पाण्यातच, आणि पाठीवर असा सपाट फटका बसतो की विहिरीत काठावरून पोटावर पडल्याची आठवण यावी. बरं हँडल कमरेजवळ धरलं नाही, हात लांब गेले, की गिरकी अर्ध्यावरच थांबते. सगळं जमलं तर मग पाणी शोधायचं डोळ्यांनी आणि गुडघे वाकवून उतरायचं, ताठ पायांनी उतरणाऱ्यांचे गुडघ्याचे लिगामेंट जातात, या खेळात ती दुखापत नेहमीची आहे, त्यामुळे या एका बाबतीत कोच चेष्टा सहन करत नाही.

उतरले का? हो, उतरले. पहिला उतरला तो इतका बेंगरूळ होता की नवऱ्याने व्हिडिओ बघून विचारलं हा मोजायचा का. कोचने मोजला, विषय संपला.

आता ट्रॅम्पोलीन. पॅकेजमध्ये अर्धा तास जमिनीवर ट्रॅम्पोलीनचा धरलेला, खांबाला दोरी आणि हँडल बांधलेलं, त्याला धरून उड्या. वेबसाइटवर याचं लई कौतुक आहे. माझं मत, ज्यांना उलटं झाल्यावर वर-खाली काही सुधरत नाही त्यांच्यासाठी ठीक, भीती कमी होते. पण रोल हा कडेच्या जोरावर होतो आणि ट्रॅम्पोलीनवर कुठली कड, कुठला दोरीचा ताण? उलट तिथे डोकं मागे टाकायची सवय लागते आणि मग पाण्यात तीच सवय मोडायला पैसे द्यायचे. तो अर्धा तास काढून पाण्यात द्या असं विचारलं तर 'पॅकेज आहे' असं उत्तर मिळालं, तुम्ही बुक करतानाच भांडून घ्या.

सामानाबद्दल. भाड्याचे बोर्ड चांगले होते, केबलचे बोर्ड, खाली जाड घासून न झिजणारा बेस आणि फिन नाहीत, तसेच पाहिजेत. बूट मात्र बेकार. सगळ्या साइजच्या पायांना बसावे म्हणून पुढून उघडे, सैल, सगळे ताणून ताणून मऊ झालेले. नुसतं फिरायला चालतील, पण टाचेवर कापताना टाच आत उचलली जाते आणि जोर बोर्डापर्यंत पोचतच नाही. मी मधे एका मैत्रिणीचे बंद पुढचे कडक बूट लावून बघितले आणि फरक तिथल्या तिथे कळला. सेकंडहँड घ्या पण स्वतःचे घ्या, बोर्ड भाड्याचा चालेल.

हेल्मेट आणि जॅकेट कंपल्सरी आहे, चांगलंच आहे. फक्त एक बघा, जॅकेट दोन प्रकारची असतात. पातळ इम्पॅक्ट व्हेस्ट मार लागू नये म्हणून असतं, त्यातल्या बऱ्याच जॅकेटांना तरंगवायचं सर्टिफिकेट नसतं. दुसरं ५० न्यूटन तरंगशक्तीचं, आयएसओ १२४०२-५ या स्टँडर्डचं, ते तरंगायला मदत करतं पण जाड असतं आणि गिरकी घेताना हँडल आणि कमरेच्या मधे येतं. पोहणं कच्चं असेल तर दुसरंच मागा, स्टाइल गेली खड्ड्यात. आणि कान! कानावर सपाट आपटलात तर पडदा फाटू शकतो, हे कुणी काउंटरवर सांगत नाही. कान झाकणारं हेल्मेट किंवा आतून निओप्रीनची पट्टी घाला. वेटसूट मे महिन्यातही लागतो, सीझन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि एप्रिलचं पाणी म्हणजे, जाऊ दे.

पैसे. तासाला शंभर युरोच्या आसपास, कोच धरून, भाड्याचं सामान वेगळं. मोठ्या केबलचं तिकीट याच्या मानाने फार स्वस्त पडतं, म्हणून ज्याला अजून नीट कापता येत नाही, वळणावर तोल जातो, त्याने इथे अजिबात पैसे घालवू नये, आधी मोठ्या केबलवर भरपूर चकरा मारा. हा तास पूर्ण एकट्याने घेऊ नका हे पण सांगते, हात दहा-पंधरा मिनिटांत गळून जातात. दोघांत किंवा तिघांत वाटून घ्या, आलटून पालटून, दुसरा पडताना बघून पण कळतं, आणि खर्च वाटला जातो ते वेगळं. मोठी तक्रार वेळेची. आधीच्या ग्रुपने जास्त वेळ खाल्ला तरी आपलं घड्याळ स्लॉटच्या वेळेलाच सुरू, जर्मनीत राहून हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. वीकेंडला हे नेहमीचं, मंगळवार-बुधवारी संध्याकाळी शांत असतं.

भारतातून येणारे विचारतात म्हणून, नाही, आपल्या तारकर्ली-मालवणला किंवा गोव्याला जे बनाना बोट-जेटस्की-पॅरासेलिंग होतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही, तिथे आपल्याला कोणीतरी बसवतं आणि फिरवून आणतं. भाचे-पुतणे युरोप ट्रिपवर येणार असतील तर त्यांना एक दिवस मोठ्या केबलवर न्या, बॅकरोलचा हट्ट करू नका. भारतातून जवळ जायचं असेल तर बँकॉकच्या बाहेर लाम लुक्काला थाई वेक पार्क आहे, जगभरचे लोक तिथे हिवाळ्यात प्रॅक्टिसला जातात आणि पाणी कोमट. मी अजून गेले नाहीये, पण टँट्रम तिथेच शिकायचा विचार आहे, कोच नाही म्हणाला नाही तर.

बुकिंग फोनवर करा, ऑनलाइन फॉर्ममध्ये कोचचं नाव निवडता येत नाही आणि सगळेच कोच सारखे नाहीत. पाच पैकी चार. बुटांमुळे एक कापला.