हरित हायड्रोजन परदेशी पाठवायचा, तो द्रव करून की अमोनिया करून?

सौर-पवन वीज आणि इलेक्ट्रोलायझर (त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणारं यंत्र) दोन्हीकडे तेच. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज जाते. फरक पडतो बंदरावर, म्हणून कच्छमध्ये किंवा कोकणात प्रकल्प टाकणाऱ्याने सौर पॅनेलच्या आधी जहाजांचा विचार करावा.

द्रव हायड्रोजनसाठी उणे २५३ अंश तापमान लागतं. तेवढं थंड करायला किलोमागे आणखी दहा-बारा युनिट, म्हणजे त्या हायड्रोजनमधल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा खर्ची पडतो. जहाजांचाही दुष्काळ आहे. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाहून जपानच्या कोबे बंदरात गेलेल्या 'सुइसो फ्रंटियर'ची टाकी १२५० घनमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तरी नव्वद टनांच्या आतच. शिवाय त्या प्रयोगातला हायड्रोजन मुख्यतः तपकिरी कोळशापासूनचा होता.

अमोनिया म्हणजे हायड्रोजन आणि नायट्रोजनचं संयुग; तो मात्र उणे ३३ अंशांनाच द्रव होतो. एका घनमीटर द्रव अमोनियात सुमारे १२० किलो हायड्रोजन बसतो, शुद्ध द्रव हायड्रोजनच्या घनमीटरात जेमतेम ७१. हा आकडा मी दोनदा तपासला होता. खतधंद्यामुळे अमोनियाची जहाजं, टाक्या आणि हाताळणारी माणसं आधीपासून आहेत.

पण ग्राहकाला शेवटी हायड्रोजनच हवा असेल, तर तिकडे अमोनिया पुन्हा फोडून हायड्रोजन वेगळा काढावा लागतो. त्याला कित्येकशे अंशांची उष्णता लागते आणि वाचवलेली ऊर्जा तिथे बरीचशी निसटते. त्यामुळे खत कारखाना किंवा जहाजाचं इंधन असा थेट अमोनिया वापरणारा ग्राहक असेल, तरच हा मार्ग मला पटतो. अमोनिया विषारी आहे. बंदराशेजारच्या गावाला सगळं सांगून, त्यांचं ऐकून मगच जागा ठरवावी. इथे कसूर नको.

युरोपला विकायचं असेल तर आणखी एक अट आहे. २०३० पासून ज्या तासात वीज तयार झाली, त्याच तासात हायड्रोजन तयार झाल्याचं दाखवावं लागेल. सूर्य मावळल्यावर प्रकल्प कशावर चालणार, हे आजच ठरवायला हवं, कारण अमोनियाचा कारखाना रोज संध्याकाळी बंद करून सकाळी चालू करता येत नाही.

आणि करार करण्याआधी घरचा ग्राहकही बघा. भारत खतांसाठी दरवर्षी लाखो टन अमोनिया आयात करतो, आणि अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना नैसर्गिक वायूपासून अमोनिया करतो. या दोन्हींची जागा इथलाच हरित अमोनिया घेऊ शकतो.