पक्षी बघायला माळ की जंगल?
इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर उजाडतानाच पोचा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि १०×४२ (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीतूनही पिसांचे बारकावे पुसट होतात. धाविक हा माळावरचा पक्षी मातीच्याच रंगाचा. चार पावलं पळतो, थबकतो आणि दिसेनासा होतो, म्हणून नजर हालचालीवर ठेवा. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी गवताला घासून गेल्यासारखे उडतात. पायवाट सोडू नका, चंडोलाची अंडी जमिनीवरच असतात. नवख्यांना माळच बरा. पक्षी निदान पूर्ण दिसतो.

पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलात ८×४२ दुर्बीण घ्या: दाट सावलीत चित्र उजळ, एका नजरेत दिसणारा आवाकाही मोठा. आवाज ओळखता येत नसतील तर निम्मे पक्षी हातचे जातात. वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांचा मिश्र थवा आला की दहा मिनिटं जागेवरच थांबा. मागे धावलात तर फक्त हलती पानं दिसतील, आणि मान दुखेल ती वेगळीच.